बिडाचा तुकडा आणि स्टेज टू

माझ्या जुन्या डिझेल गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला त्या आठवड्यात मी कॉलेजात अकरावीच्या मुलांना उष्णतेने धातू कसा प्रसरण पावतो ते शिकवत होतो. म्हणजे विषयातला अधिकार माझ्याकडे होताच. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या चार तोंडांतून निघणारा तापलेला धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा. त्या धुराच्या जोरावर टर्बोतला पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा ढकलतो. एवढं मला माहीत होतं. यापुढचंही सगळं माहीत आहे, असं मला पुढचे दोन महिने वाटत राहिलं.

मानेवाडा रोडला टिनाच्या शेडमध्ये आमचा मेकॅनिक बसतो. त्याने बॉनेट उघडलं, काजळीची रेघ दाखवली आणि सांगितलं की मॅनिफोल्ड तडकला आहे, टर्बोचा आतला भागही थकला आहे, दोन्ही होते तसेच नवे बसवू, आठ दिवसांत गाडी घेऊन जा. इतका साधा उपाय ऐकून मला अपमान झाल्यासारखं वाटलं. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या माणसाने होतं तेच पुन्हा बसवायचं?

घरी बाबा होते. बाबांनी सगळी नोकरी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून काढली. मालगाडीच्या इंजिनाचे म्हशीएवढे टर्बो त्यांनी उघडले, धुतले, जोडले. अशा माणसाला टर्बोविषयी काय विचारायचं? त्यापेक्षा मी इंटरनेटवरच्या, उलटी टोपी घातलेल्या एका पोराला विचारलं. त्याने स्वतःची गाडी तीनदा जाळली होती, म्हणजे अनुभव दांडगा होता.

मग मी वही केली. बिडाचा की स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचा? नळ्या सारख्या लांबीच्या की कमीजास्त? टर्बोचा पंखा केवढा? जेवतानाही वही ताटाशेजारी असायची. बायको एकदा शांतपणे म्हणाली की मुलीचं कॉलेज आपण दोन दिवसांत ठरवलं होतं. मी तिला समजावलं की ते सोपं होतं.

शेवटी एका विक्रेत्याला फोन लावला. त्याने आधी विचारलं, स्टेज वन हवं की स्टेज टू, म्हणजे ताकद थोडी वाढवायची की बरीच? हा शब्द आमच्या घरी तोवर फक्त डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेला होता, पण मी दचकलो नाही. टू म्हटलं. मग त्याने गाडीचा वापर विचारला. माझा वापर असा की घर ते कॉलेज साडेचार किलोमीटर, त्यात अकरा गतिरोधक. शनिवारी भाजी. वर्षातून एकदा भिवापूरची मिरची. मी म्हणालो, "हायवे."

मेकॅनिकने एकदाच सांगून पाहिलं की मोठा टर्बो उशिरा जागा होतो, शहरात त्रास देईल. बाबांनीही एकदाच विचारलं. पेपर खाली न करता म्हणाले, "किती आरपीएमवर हवा भरते म्हणते तो टर्बोवाला?"

"बाबा, हे रेल्वेचं इंजिन नाही," मी म्हणालो.

बाबांनी पेपरचं पान उलटलं. तो विषय घरात संपला.

माल आला, मोठा टर्बो आणि स्टीलच्या नळ्या. चकचकीत नळ्यांची ती जुडी पाहून मला भरून आलं. मी ती दोन दिवस शोकेसमध्ये ठेवली होती. किंमत बायकोला सांगितली नाही आणि इथेही सांगत नाही. मेकॅनिकने तोंड बंद ठेवून सगळं बसवलं. एका लॅपटॉपवाल्याने इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम भरला, म्हणजे डिझेल जास्त सुटेल. नळ्या फार तापतात म्हणून त्यांना पांढरी पट्टी गुंडाळली. नवी वस्तू पहिल्याच दिवशी बँडेज बांधून घरी आली, तरी मला काही खटकलं नाही.

गाडी आता खरोखर वेगळी झाली होती. सिग्नल सुटला की मी पाय दाबायचो आणि काहीच व्हायचं नाही. ऑटो पुढे जायचा. स्कूलव्हॅन पुढे जायची, आतली पोरं मागच्या काचेतून माझ्याकडे बघायची. टर्बोला जाग यायची तोवर पुढचा सिग्नल लाल झालेला असायचा. एप्रिलात वायपरच्या पाण्याची प्लॅस्टिकची टाकी नळ्यांच्या आचेने मेणासारखी वाकली. मी सगळ्यांना सांगायचो की गाडीची मजा हायवेला आहे.

म्हणून हायवेला गेलो. मिरची आणायला भिवापूर, बायको पुढे, बाबा मागे. जाताना एका मोकळ्या पट्ट्यावर टर्बो जागा झाला आणि गाडी अशी उसळली की बायकोच्या हातातली पाण्याची बाटली मांडीवर सांडली. मी विजयाने आरशात पाहिलं. बाबा खिडकीबाहेर पाहत होते.

परतताना, उमरेडच्या अलीकडे, रस्त्यात वरात लागली. पुढे बँड, मध्ये नाचणारी मंडळी, सगळ्यात मागे घोडीवर नवरदेव, मोतिया रंगाच्या शेरवानीत. एकाने हात दाखवून बाजूने जागा करून दिली. मी दुसऱ्या गिअरमध्ये हळूच नवरदेवाच्या पुढे आलो आणि पाय दाबला. काही झालं नाही. आणखी दाबला. डिझेल आलं, हवा आली नाही. न जळलेलं ते सगळं डिझेल काळ्या ढगासारखं मागून निघालं आणि थेट घोडीवर जाऊन बसलं.

बँड थांबला. आरशात आधी नुसता काळोख दिसला. मग त्यातून नवरदेव हळूहळू बाहेर आला. शेरवानी राखाडी झाली होती. घोडी शिंकत होती.

लोकांनी गाडीला गराडा घातला. मी काच वर करू की खाली, या विचारात असताना मागचं दार उघडून बाबा उतरले. हात जोडून सरळ फेटेवाल्या म्हाताऱ्यासमोर, नवरदेवाच्या मामासमोर, जाऊन उभे राहिले. मामा तापला होता. दारू प्यायला का ड्रायव्हर, असं त्याने विचारलं.

"ड्रायव्हर माझा पोरगा आहे," बाबा म्हणाले. "चूक त्याची आहे. पण पोरगा माझा आहे. काय बोलायचं ते मले बोला."

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोण काय बोलणार? आवाज खाली आले. मी उतरलो. बायको ओला नॅपकिन घेऊन धावली, अर्ध्यात थबकली आणि तो नवरदेवाच्या बहिणीच्या हाती दिला. "तूच पूस वं बाई," ती म्हणाली, "माझे हात मिरचीचे आहेत." त्यावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

तोंड पुसून झाल्यावर नवरदेवाने घोडीवरूनच वाकून मला विचारलं, किती हॉर्सपॉवर आहे? जगात मला समजून घेणारा तो एकच माणूस होता आणि त्याचं लग्न मी नासवलं होतं.

मग बॉनेट उघडणं आलंच. अर्धी वरात इंजिनात डोकावली. मामाने पट्टी गुंडाळलेल्या नळ्या बराच वेळ पाहिल्या. गाडी आधी कशी होती, काय बिघडलं होतं, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, "मग काहून बिघडवली गा चांगली गाडी?"

मी बॉनेट लावून घेतलं.

घरी पोचल्यावर बाबांनी त्यांच्या खाटेखालून एक पोतं ओढलं. आत माझा जुना मॅनिफोल्ड होता, काजळी घासून साफ केलेला, तडा खडूने आखलेला. मला वाटत होतं तो कधीच भंगारात गेला. बाबांनी तो बसवणीच्याच दिवशी मेकॅनिककडून मागून आणला होता.

"मले सांगायचं ना, बाबा," मी म्हणालो.

"तू वाचून राहिला होता," ते म्हणाले. "म्हटलं, होऊ दे वाचून."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी ते मला घेऊन मेकॅनिकच्या शेडमध्ये गेले. मेकॅनिकने त्यांना आपली खुर्ची दिली, मला स्टूल. बाबांनी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायला लावलं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग अख्खा तुकडा कोळशावर लाल होईस्तोवर तापवला, निकेलच्या कांडीने थोडं थोडं वेल्डिंग करवून घेतलं आणि लगेच गरम राखेच्या डब्यात पुरला. बीड एकदम थंड झालं की पुन्हा तडकतं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, आकृतीसकट. तरी मी दोनदा राख उकरून बघायला गेलो आणि दोन्ही वेळा बाबांनी माझं मनगट धरलं.

दुसऱ्या दिवशी तुकडा निघाला. लेथवाल्या खराद्याकडून त्याचं तोंड सपाट करून घेतलं, मेकॅनिककडे पडून असलेल्या जुन्या टर्बोत आतला भाग नवा टाकला, कॉम्प्युटरमधला जुना प्रोग्राम परत आणला. गाडी सुरू झाली तेव्हा बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मेकॅनिककडे पाहून मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही. मीच जवळ जाऊन म्हणालो की माझं चुकलं. ते म्हणाले, हात धुऊन घे.

आता मेकॅनिक कुठलंही तडकलेलं बीड आलं की फोन करतो. मला नाही, बाबांना. परवा सावनेरहून कुणाचा तरी टेम्पो आला होता. बाबा चष्मा पुसत तयार झाले, मी त्यांना सोडायला गेलो. मीही आत वाकून काही सांगायला लागलो, तर मेकॅनिक फार अदबीने म्हणाला, "सर, तुम्ही बसा, चहा सांगतो."