तोंडात काडी धरून घातलेले टाके

आमचं दोघांचं शेवटचं काम म्हणजे माझ्या शर्टाची दुमड. मेंढरं वाघराच्या जाळीत कोंडून घरी आलो, तर शर्टाची खालची कड उसवून लोंबत होती. बाभळीला अडकली असणार. बायको म्हणाली, काढा, शिवून देते. मी म्हटलं, गार वारं सुटलंय, मी काही काढत नाही. मग तिनं कडब्याची एक काडी मोडली आणि माझ्या दातात दिली.

आमच्याकडं अंगावरचं कापड तसंच शिवत नाहीत. अंगावर टाका घालायचा तो मेलेल्याला. जित्या माणसाला घालायचाच असला तर त्यानं तोंडात काडी धरायची आणि टाका पुरा होईस्तोवर बोलायचं नाही. मी चौकटीला धरून उभा राहिलो. ती उंबऱ्यावर बसून शिवू लागली आणि मला बोलता येत नाही म्हटल्यावर तिला लय जोर आला. माझ्या दाढीपासून माझ्या भावकीपर्यंत सगळं काढलं.

"कसा गप हुबा ऱ्हायलाय गडी," ती म्हणाली. "लगीन झालं तवाच काडी द्याया पायजे हुती."

मला हसू आलं, काडी पडली. तिनं सुई तिथंच थांबवली. मी काडी उचलून दातात धरली, तवाच पुढचा टाका घातला.

वीतभर राहिलं आणि उजेड गेला. तिला दिसंना. तिनं सुई दुमडीतच वरखाली खोवली, दोरा सुईभोवती गुंडाळला.

"ऱ्हायलेलं सकाळी. काढा आता."

मी शर्ट काढून खुंटीला लावला. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर आला, हृदय बंद पडलं म्हणाला. ते मलाही कळलं होतं.

माणसं जमली. मी खुंटीवरचा तोच शर्ट अंगात घातला आणि तिला पोचवून आलो. आंघोळीनंतर सुनेनं कपडे धुवायला नेले आणि थोड्या वेळानं बोट चोखत परत आली. हातात ओला शर्ट.

"मामा, ह्यात सुई हाय. आत्तींनी ठेवलेली. मशीनवर मारून देऊ का? दोन मिनटाचं काम हाय."

मी म्हटलं, "न्हाई. सुईसकट वाळत घाल." ती सकाळी करते म्हणाली होती. तिच्या दोऱ्यावर दुसऱ्याचा दोरा मला नको होता.

सुनेनं शर्ट उलटा करून दोरीवर टाकला. माणसं येत होती, बसत होती, जात होती, आणि मी त्या शर्टासमोर बसून होतो. दुसरीकडं बघवत नव्हतं. तिनं शिवलेलं जन्मभर अंगात घातलं, पण आतली बाजू अशी उन्हात कधी बघितली नव्हती.

आत कुठंच कापडाची कड दिसत नव्हती. बाजारातला रेडिमेड शर्ट उलटा करून बघा, दशा लोंबत असतात. हिच्या शर्टात शिवण कुठं चालू होते आणि कापड कुठं संपतं ते कळंना. ती आधी एकदा शिवायची, मग कड बारीक कापायची, कापड पालथं घालून पुन्हा शिवायची. सगळी सुतं त्या दुसऱ्या शिवणीच्या पोटात कोंडलेली. वाघरात मेंढरं कोंडतो तशी.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला जायचो. वाटेत गवताची कुसळं शर्टाच्या आतल्या सुतांत शिरायची आणि दिवसभर काखेत टोचायची. एका मुक्कामाला मी शर्ट काढून फेकला, शिवी दिली. तिनं तो उचलला. शर्ट उलटा केला, बोट फिरवून कुसळ कुठं कुठं अडकतंय ते बघत बसली. त्यानंतरच्या एकाही शर्टात कुसळाला धरायला सूत मिळालं नाही. पुढं घरी मशीन आलं तरी दुमड मात्र हातानंच. आतून टाका घ्यायची आणि बाहेरच्या कापडाचं एकच सूत सुईवर उचलायची. मी उठून शर्टाची बाहेरची बाजू डोळ्याला लावून बघितली. शिवलंय कुठं ते मला सापडलं नाही. माणसाच्या हातून असं काम होतं, आणि ते अंगात घालून मी काट्याकुट्यातून हिंडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट अंगात घातला. कडब्यातली एक काडी मोडून दातात धरली आणि चौकटीत उभा राहिलो. दुमड वर ओढून सुई सोडवली, दोरा ताणून घेतला. मी आजवर पोती शिवली, दाभण आणि सुतळीनं. टाके तसेच आले, मोठे, वाकडे, बाहेरून ढळढळीत दिसणारे. एक पाव्हणा आला, कसं झालं म्हणून विचारू लागला. मी बोललो नाही. सून आतून म्हणाली, "बसा, मामांच्या तोंडात काडी हाय." तो गप बसला.

वीतभर पुरं झालं. गाठ मारली. दोरा दातानं तोडायचा, तर दातात काडी. तोडलाच नाही. सुई तेवढी काढून तिच्या डबीत ठेवली आणि मेंढरं सोडायला गेलो.