हात न लावता शिकवलेली रांगोळी

सौदामिनीबाई कंधारच्या मुलींच्या मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, कित्येक वर्षं रांगोळी शिकवत होत्या, पण रांगोळीची एक चिमूटसुद्धा तिथं त्यांनी कधी हातात धरली नव्हती. ऐकणाऱ्याला गंमत वाटेल. कंधारच्या आयाबायांना यात वावगं काही वाटत नव्हतं, कारण ही अट त्यांनीच घातली होती.

बाई मूळच्या जळकोटच्या. जाणत्या व्हायच्या आतच त्यांचं कुंकू पुसलं गेलं. नवऱ्याचा चेहराही त्यांना धड आठवत नव्हता. आठवायचं ते एवढंच, की सुतकाचे दिवस सरल्यावर एका सकाळी सवयीनं त्या दारात रांगोळी घालायला बसल्या आणि आईनं हातातली वाटी काढून घेतली. पुढं भावानं भाऊबंदांशी भांडून त्यांना शिकवलं, निजामाच्या तालीम खात्यात, म्हणजे शिक्षणखात्यात, नोकरीला लावलं. मदरशात लिहिणं-वाचणं आणि हिशेबाच्या जोडीला मुलींना हातकला शिकवायची, असा सरकारी हुकूम होता. शिवणाच्या सुया काही वरून वेळेवर यायच्या नाहीत. रांगोळीचे दगड, शिरगोळे, मात्र बाजारात हवे तेवढे मिळत. बाईंनी ते कुटून घेतले आणि रांगोळीचा तास सुरू केला.

आठ दिवसांत पोरींच्या आया दारात हजर. पुढं हणमंतराव देशमुखांच्या तारामतीबाई.

"बाई, तुमी हिशेब शिकवा, वाचाया शिकवा, आमची ना न्हाई. पन रांगोळी म्हंजे शुभकार्याची चीज. उद्या पोरींची लग्नं व्हायाचीत. तुमचा हात तेवढा लागू देऊ नका."

किती गोड बोलल्या! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिलं नाही. परक्या गावात एकटीनं राहणाऱ्या विधवेला भांडण परवडत नाही. त्या बरं म्हणाल्या. मग त्यांनी एक लांब तुराटी आणली आणि स्टुलावर बसून तिच्या टोकानं शिकवायला लागल्या. "इथं ठिपका. आता वळ. चिमूट सैल सोडू नकोस, रेघ फाटती." पोरी खाली बसून काढायच्या, बाई वरून दाखवायच्या.

तारामतीबाईंची सिंधु या सगळ्यांत सरस निघाली. तुराटी हलायच्या आत तिची बोटं तिथं पोचलेली असत. बाईंचा तिच्यावर फार जीव जडला. आपल्याला जे करायला मिळालं नाही ते ही पोर करील, असं त्यांनी मनोमन धरलं होतं.

सिंधुचं लग्न ठरलं त्याच महिन्यात हैद्राबादहून तपासणीला एक बेगमसाहेबा आल्या. पडदा पाळणाऱ्या, त्यामुळं अंगणात पुरुषमाणूस नव्हतं, एका बाजूला पोरींच्या आया तेवढ्या बसल्या होत्या. सिंधुनं भलामोठा चौक काढला होता, मधलं कमळ तेवढं बाकी होतं. बेगमसाहेबा हरखून गेल्या.

"वाह उस्तानी! शागिर्द ऐसी है तो आप कैसी होंगी? बीच का फूल आप बनाइए।"

त्या बिचारीला इकडच्या रिती काय ठाऊक! बाईंनी आयांकडं बघितलं. सरकारी बाईपुढं तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती, पण सगळ्यांचे डोळे एकच सांगत होते. हात दुखतो म्हणायचं, चष्मा घरी राहिला म्हणायचं, हजार बहाणे होते.

बाई खाली बसल्या. त्यांनी वाटीत बोटं घातली.

कमळ उतरलं ते एकदाही हात न थांबता. पाकळीला पाकळी बिलगून आली. एवढ्या वर्षांनी हाताला सगळं आठवत होतं, याचंच बाईंना हसू येत होतं, आणि डोळ्यांत पाणीही. त्या घटकेपुरत्या त्या फार सुखात होत्या.

बेगमसाहेबांची सवारी वेशीपलीकडं गेली आणि तारामतीबाईंनी शेणकाल्याची बादली आणून सिंधुपुढं ठेवली.

"सारव."

सिंधुनं बाईंकडं पाहिलं नाही. तिनं आधी कमळावरून हात फिरवला, मग उरलेला चौक सारवला.

पुढच्या महिन्यात वरून हुकूम आला : कामगिरी उत्तम, रांगोळीचा तास सर्व जमातींना, म्हणजे इयत्तांना, सक्तीचा, शिकवणार उस्तानी सौदामिनीबाई. सरकारनं काय, तास सक्तीचा केला. त्या तासाची घंटा झाली की पोरी पाटी-दप्तर उचलून घरी जात, आणि कालपर्यंत ज्यांची नाकं पुसली त्यांच्या पाठी बघत बाई मोकळ्या वर्गात बसून राहत. हिशेबाला मात्र सगळ्या परत हजर! बाईंचा हिशेब कोणाला विटाळत नव्हता.

लग्नाच्या आधी एकदा सिंधु बाईंच्या घरी आली. उंबऱ्याच्या आत तिनं पाऊल टाकलं नाही.

"बाई, मांडवातला मोठा चौक कसा मांडायचा? कोपरे जुळून नाही राहिले."

बाईंना वाटलं, तोंडावर दार लावावं. पण विचारणारी सिंधु होती. त्यांनी आतूनच सगळं सांगितलं, कुठून सुरू करायचं, कुठं वळायचं, कोपरे कसे साधायचे. ती बोटानं हवेत गिरवत राहिली. लग्नाला या, असं काही ती म्हणाली नाही. बाईंनीही तो विषय काढला नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मदरशात झाडलोट करणारी केवळाबाई पदराखाली बुंदीचा लाडू घेऊन आली. तिला मांडवात पाणी भरायला बोलावलं होतं.

"लई नामी चौक काढला हुता पोरीनं," ती म्हणाली. "वऱ्हाडातल्या बाया बघतच ऱ्हायल्या. सासूनं इचारलं, कुनी शिकिवलं गं?"

बाई पुढं सरकल्या. "मग? काय म्हणाली?"

केवळाबाईनं मान खाली घातली. "आईनं शिकिवलं म्हनली."

बाईंचा आवाज चिरकला.

"तिच्या आईला चार ठिपके सरळ मांडता येत नाहीत, केवळाबाई!"

"हाव बाई," केवळाबाई म्हणाली. "मांडवात गावच्या समद्यान्लाच ठावं हुतं."