कोंडवाड्याचे आठ आणे

नगरपालिकेत दोनच गोष्टी अर्ज न करता जमतात. मोकाट जनावरं आणि किस्से. जनावरांना निदान कोंडवाडा असतो. मालक येतो, फी भरतो, सोडवून नेतो. किस्से सोडवायला कुणी येत नाही. ते आमच्यासारख्या निवृत्त कारकुनांच्या गळ्यात पडतात. संध्याकाळी आम्ही जुने सहकारी कृष्णेच्या घाटावर बसलो, की कुणीतरी म्हणतंच, "गड्या, ते कोंडवाड्याचं सांग की!" मी सांगतो, सगळे हसतात. अलीकडे ते हसणं जरा लवकर संपतं.

आमची नगरपालिका साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्या रस्त्यावर. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझे पाहुणे राहतात. मोठा दुष्काळ सरला होता, ऊस पुन्हा उभा राहिला होता, आणि त्या उसात शिरणारी जनावरंही. कोंडवाड्याला तेव्हा भलते बरे दिवस होते.

*

सभागृहात बाई सदस्य एकच. मालतीबाई, कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली लग्नानंतर त्यांच्याच दारात सुजलेलं तोंड घेऊन यायच्या. बाईंनी सभेत मागणी केली, की घरात मार खाणाऱ्या बायकांना चार दिवस टेकायला एक खोली द्या, आणि त्यांच्या घरी जाऊन नवऱ्याला, सासू-सासऱ्यांना समजावणारी एक बाई नेमा.

"कल्पना उत्तम," अध्यक्ष म्हणाले. "पैसे कुठनं आणायचे?"

जकात वाढवली तर व्यापारी ओरडणार. घरपट्टी वाढवली तर मतदार. तमाशाच्या तंबूवर कर बसवावा, तर तंबूची जागा अध्यक्षांच्या मेव्हण्याची.  मग एक सदस्य एकदम उठून म्हणाले, "कोंडवाडा! जनावरांना मत नसतं!"

ठराव एकमताने पास! सोडवून नेलेल्या प्रत्येक जनावरामागे जादा आठ आणे, 'महिला विसावा निधी'साठी. अध्यक्ष खूश होऊन म्हणाले, "बायकांचा प्रश्न गुरांनी सोडवला." बाकं वाजली. मालतीबाईंचा हात काही बाकावर पडला नाही.

*

पहिले आठ आणे भरायला आले ते एक रिटायर्ड सुभेदार. त्यांची म्हैस कुणाच्या तरी वैरणीत सापडली होती. पावती वाचून त्यांच्या मिशा थरथरल्या.

"हे जादा कसले?"

आमचे हेडक्लार्क नाना. नियमाबाहेर शिंकसुद्धा न शिंकणारा माणूस. त्यांनी शांतपणे निधी समजावून सांगितला.

"म्हंजे? माझ्या म्हशीनं कुनाच्या बायकूला मारलं काय?"

"तसं नाही, सुभेदार..."

"मग ज्यानं मारलं त्याच्याकडनं घ्या की! म्हस तर सोता बाईमानूस हाय!"

नाना म्हणाले, "ठरावात नर-मादी असा भेद केलेला नाही."

*

निधी हळू जमत होता. अध्यक्षांनी कोंडवाड्याच्या राखणदाराला, दत्तोबाला, बोलावून जरा दम भरला. दत्तोबा हुकमाचा पक्का. दुसऱ्या दिवसापासून कोंडवाडा भरून वाहायला लागला. त्यात एक दिवस मालतीबाईंची गाय!

बाई सोडवायला आल्या. गाईच्या गळ्यातलं दावं त्यांनी हातात धरून पाहिलं.

"दत्तोबा, हे तुटलेलं नाही. कापलेलं आहे."

"व्हय बाई," दत्तोबा म्हणाला. "तुमच्याच कामासाठी."

बाईंनी फी भरली, वर आठ आणे भरले, आणि गाय घेऊन गेल्या.

*

अखेर खोली झाली. नवी बांधायला पैसे पुरेनात, म्हणून कोंडवाड्याला चिकटून असलेली वैरणीची कोठी रिकामी करून चुना मारला. दार एकच, कोंडवाड्याच्या फाटकातून. पेंटरला बोर्ड दिला तोही एकच: 'कोंडवाडा व महिला विसावा. आत शिरताना फाटक लावून घ्यावे.'

बाई म्हणाल्या, "निदान बोर्ड तरी वेगळा करा."

नाना म्हणाले, "तरतूद नाही."

उद्घाटनाला अध्यक्षांनी स्त्री ही देवता आहे यावर पाऊण तास भाषण केलं. शेवटी म्हणाले, "आपल्या गावात असले प्रकार जवळजवळ नाहीतच. तरी आपण दूरदृष्टीनं सोय केली." यावर सगळ्यात जोरात टाळ्या आमच्या सॅनिटरी इन्स्पेक्टरनं वाजवल्या. त्याची बायको दिवाळीपासून मोरीत सारखी घसरून पडत होती. सगळ्या स्टाफ क्वार्टर्सना ठाऊक होतं, की त्या मोरीत शेवाळ नाही. आम्हीही टाळ्या वाजवल्या.

*

खोलीत पहिली आली ती शालन. बाबू गाडीवानाची बायको. बाबू बैलगाडीनं सांगलीच्या बाजारात हळदीची पोती पोहोचवायचा. शालननं उजवा हात पदराच्या झोळीत धरला होता. मालतीबाईंनी तिला बसवलं, खाऊ घातलं. वाईला त्यांच्या ओळखीत मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथली स्वयंपाकीण महिनाअखेर काम सोडणार होती, ती जागा शालनला मिळणार होती. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, वर पगार.

"तेवढे दिवस इथं काढ," बाई म्हणाल्या. "बाहेर पाऊल टाकू नकोस."

"कुटं जाते बाई," शालन म्हणाली. "हितं म्हशी हायत, पन रातच्याला कुनी वराडत न्हाई."

तिसऱ्या दिवशी बाई घरी जेवायला गेल्या असताना बाबू आला. "माजी बायकू तुमच्याकडं हाय म्हनं?"

दत्तोबाला जन्मात एकच नियम माहीत होता. मालक आला, ओळख पटली, फी घ्यायची, सोडायचं. विसाव्याला वेगळा नियम कुणी लिहून दिला नव्हता आणि वेगळं पावतीपुस्तकही छापलं नव्हतं. त्यानं बाबूकडून फी घेतली, जनावरागणिक ठरलेली चाऱ्याची खुराकी घेतली, निधीचे आठ आणे घेतले, पावती फाडली आणि खोलीचं दार उघडलं. शालन दत्तोबाकडे बघतच राहिली. मग बाबूच्या मागून चालत गेली.

संध्याकाळी दत्तोबा भरणा घेऊन कचेरीत आला. नानांनी पावती पाहून कपाळाला आठ्या घातल्या. आम्हाला वाटलं, आता नाना दत्तोबाला फाडून खाणार.

"ही खुराकी कुठल्या दरानं लावलीस?" नानांनी विचारलं. "हिला मांडलंस कशात?"

"शेळीत, सायेब. लय खात न्हवती."

कचेरीत कप खाली ठेवून लोक हसले. सॅनिटरी इन्स्पेक्टरच्या तर डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मालतीबाई दारात उभ्या. त्यांनी ती पावती उचलली, वाचली, पुन्हा वाचली. आम्ही हसणं गिळलं, पण ते काही पूर्ण गिळता आलं नाही.

बाई म्हणाल्या, "मला जरा पाणी द्या."

*

'शेळीत' हा किस्सा आठवडाभरात गावभर झाला. बसस्टँडवर, सलूनमध्ये, जिथं तिथं तोच. गावातले नवरे बायकांना म्हणायला लागले, "गप बस, न्हाईतर शेळीत मांडीन!" तिकडे बाबू हळद घेऊन सांगलीला गेला की शालन मागच्या वाटेनं मालतीबाईंकडे यायची आणि एवढंच विचारायची, "वाईचं हाय न्हवं अजून?"

बाईंनी अध्यक्षांशी भांडण काढलं. अशी चूक पुन्हा होता कामा नये, नियम करा. नियम करायचं काम अर्थातच नानांकडे आलं. नानांनी दोन दिवस विचार करून कायद्याच्या दृष्टीनं निर्दोष असा नियम केला: 'पतीची लेखी संमती असल्याखेरीज कोणाही महिलेस विसाव्यात ठेवून घेऊ नये.'

बाई थक्क झाल्या. "नाना, ज्यानं हात मोडला त्याची सही आणायला तिनं घरी जायचं?"

"उद्या त्यानं पालिकेवर दावा लावला म्हणजे?"

"आणि त्यानं सही नाकारून काठी उचलली म्हणजे? त्याच्याकडे पेन तरी असेल का?"

नाना म्हणाले, "पेन आपण कचेरीचं देऊ."

*

त्याच सुमारास बाबूचा बैल कोंडवाड्यात आला. मोकाट सुटला म्हणून नव्हे. भर बाजारात बाबू त्याला चाबकानं झोडत होता, आणि नेमके तिथून गुरांचे डॉक्टर चालले होते. डॉक्टरांनी तक्रार केली, पोलीस आले आणि प्राण्यांच्या छळाचा खटला उभा राहिला. कोर्टाचा हुकूम आला, की बैलाच्या पाठीवरचे वळ बरे होऊन डॉक्टर तसा दाखला देईपर्यंत बैल मालकाच्या ताब्यात देऊ नये. तोवर पालिकेनं कोंडवाड्यात सांभाळावा.

बाबू रडला. अध्यक्षांची चिठ्ठी घेऊन आला. नानांनी चिठ्ठी नीट वाचली, घडी घालून परत दिली.

"अध्यक्ष असोत नाहीतर मंत्री असोत. मुक्या जनावराचा प्रश्न आहे. बैल मिळणार नाही."

त्या दिवशी आम्हाला नानांचा फार अभिमान वाटला. दत्तोबा बैलाच्या पाठीला सकाळ-संध्याकाळ तेल-हळद लावायचा. बाबूच्याच गाडीतली असेल ती हळद.

*

आता शेवटचा. हा मी घाटावर सहसा सांगत नाही.

महिनाअखेर जवळ आली होती. मालतीबाई वाईच्या जागेचं पक्कं करायला सकाळच्या एसटीनं गेल्या होत्या. दुपारी शालन कचेरीत आली. विसाव्यात नव्हे, थेट नानांच्या टेबलासमोर. धापा टाकत होती.

"सायेब, बाई येईस्तवर मला खोलीत ऱ्हाऊ द्या. सांजच्या गाडीनं बाई येत्यात. उद्या मी वाईला जाते."

"संमतीपत्र आहे का?" नानांनी विचारलं.

"न्हाई."

"मग मला ठेवता येत नाही, बाई. नियम आहे."

बोलणं संपतंय तोच दारात बाबू. धावत आल्यानं तोही घामाघूम. "चल घरला," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. शालन भिंतीला टेकली. आम्ही सगळ्यांनी आपापल्या टेबलावरच्या कागदांत डोकी घातली. मीही.

बाबूला तेवढ्यात आठवलं. "सायेब, आलोच हाय तर बैल तरी द्या आता. हळदीचा हंगाम हाय, भाड्याच्या बैलानं परवडत न्हाई."

नाना ताठ झाले. सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुला कितीदा सांगायचं? अंगावर वळ आहेत तोवर मालकाच्या ताब्यात देता येत नाही. मालक कितीही गयावया करू दे. खाणं-पिणं, औषधपाणी सगळं पालिका बघेल. कायदा आहे!"

शालन ऐकत होती. भिंतीपासून ती हळूच पुढे आली. टेबलाशी येऊन आमच्याकडे पाठ केली आणि खांद्यावरचा पदर खाली ओढला.

 सॅनिटरी इन्स्पेक्टर उठून बाहेर गेला.

"सायेब," पाठमोरीच ती म्हणाली, "मागल्या खेपंला मला शेळीत मांडलं म्हनं. या खेपंला बैलात मांडा."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कोंडवाड्याचं रजिस्टर पुढं ओढलं, त्यात सावकाश दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि शिक्का मारला. मग दत्तोबाला हाक मारून खोलीची किल्ली त्याच्या हातात दिली.

बाबू म्हणाला, "आवं, ती माजी बायकू हाय!"

नाना मान वर न करता म्हणाले, "गुरांच्या डॉक्टरांचा दाखला आण."