हार घालायचा फोटो

मालिकेच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा अप्पा कॉफी घेत होते. "सरि सार, सरि" एवढंच ते होकारात बोलले आणि फोन ठेवून आईला म्हणाले, "मला मारलं."

"कशानं?"

"हार्ट अटॅक. हॉस्पिटलात. कुणीतरी घरी फोन करून सांगणार, बाकीचे रडणार. मला बोलावत नाहीत. फोटो पाठवा म्हणाले, हार घालायला."

अप्पांचं तारुण्य नाटकांत गेलं. कुंभकोणमच्या नाटकं ठेवणाऱ्या सभांत, पापनाशमकडच्या देवळांच्या उत्सवांत ते राजे झाले, शेवटच्या अंकात मेले आणि पडदा पडल्यावर उठून हात जोडून उभे राहिले. सभा ओस पडल्या तसे ते चेन्नईला मालिकांत गेले. तिथे पहिल्याच दिवशी त्यांना सांगण्यात आलं, सार, आवाज कमी. तेव्हापासून ते नायिकेचे सासरे होते, बहुतेक सोफ्यावर बसलेले. आता तेही काम गेलं, आणि या वयात दुसरं मिळेल असं आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही.

त्यांना एकच हवं होतं, मरण्याचा प्रसंग. "तू विचार. तुझं इंग्लिश ऐकलं की नीट बोलतात."

अनोळखी माणसाला फोन करायला मला नको वाटतं. तरी केला. मॅनेजर खरंच नीट बोलला. हॉस्पिटलचा सेट परवडत नाही, म्हणाला. शिवाय, मॅडम, हल्ली मरताना कुणी एवढं बोलत नाही. अप्पांना मी फक्त सेटचं सांगितलं.

मग फोटोवरून वाद झाला.

"जित्या माणसाच्या फोटोला हार?" आई म्हणाली. "घरातला एकही देणार नाही."

"नाटकात इतक्यांदा मेलो, तेव्हा काही बोलली नाहीस."

"तेव्हा उठत होता तुम्ही."

मालिकेतलं एखादं दृश्य वापरावं म्हणून मी शोधलं. प्रत्येकात त्यांच्या शेजारी कुणीतरी होतं, किंवा त्यांच्यापुढे. शेवटी आईच म्हणाली, "त्या सासऱ्याचा काढा. तुमचा नको."

अप्पा आरशासमोर बसले. मिशी उतरवली, केसांना पांढरा रंग लावला, कपाळभर विभूती ओढली, सोनेरी काड्यांचा चष्मा घातला. आई दारातून बघत होती. तिचा नवरा पुरता दिसेनासा झाला तेव्हा तिनंच खुर्ची आणून भिंतीशी ठेवली.

"फोटो कुठं लागणार, विचार," अप्पा म्हणाले.

मी पुन्हा फोन केला. जेवणघराच्या दाराजवळ, उंचावर. सून उजवीकडे उभी राहून रडणार. ते ऐकून अप्पांनी मान थोडी वळवली, नजर खाली आणली, जिथे तिचा चेहरा असेल तिथे.

मी फोटो काढून त्यांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

"नाही. ह्यात मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्या सासऱ्याला माहीत नव्हतं ना. दुसरा घे."

दुसऱ्या फोटोत ते जेवणाची हाक ऐकलेल्या माणसासारखे, किंचित हसत होते. "पाठव," म्हणाले आणि विभूती पुसायला टॉवेल मागितला. आईनं तो आधीच भिजवून आणला होता.