उंदरांवरून सशावर

अजगर उपाशी आहे हे मला कळलं, तेव्हा माझ्या धाकट्या भावाला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. त्याचे दिवस उरकून मी आदल्याच दिवशी सांगलीहून कुवेतला परतले होते आणि बॅगाही अजून उघडल्या नव्हत्या. फोन आला तो पाळीव प्राण्यांच्या दुकानातून. दुकानदार रत्नागिरीकडचा, पन्नाशीतला मुसलमान गृहस्थ. भावाचं त्याच्याकडे सारखं जाणं-येणं असायचं, आणि भाऊ गेल्यावर अजगराची काचेची पेटी त्यानेच स्वतःहून उचलून दुकानात नेली होती.

"ताई, तुमच्या भावाचा जनावर काय खात नाय," तो म्हणाला. "एकदा येऊन बगून जावा."

मला आधी रागच आला. कुठलीही वाईट बातमी आली की मी आधी चिडते, बाकीचं सगळं मागून येतं. माणूस गेला, त्याचं मला धड रडून झालं नव्हतं, आणि हे लांबडं म्हणे अन्न सोडून बसलंय. नवरा म्हणाला, "देऊन टाक ना कुणाला तरी." मीही तेच ठरवून दुकानात गेले.

भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. त्याला कुवेतला मीच आणलं. मी इथे एका बँकेच्या आयटी विभागात आहे. त्याला मीना अब्दुल्लाला एका कंत्राटदाराकडे टेक्निशियनची नोकरी लागली आणि तो अबू हलीफाच्या आमच्या फ्लॅटमधल्या छोट्या खोलीत राहायला आला. लग्नाचं नाव काढू देत नव्हता. एके दिवशी उशीच्या अभ्र्यात घालून हातभर लांबीचं अजगराचं पिल्लू घेऊन आला. मी म्हटलं, आठ दिवसांत कंटाळेल. तो कंटाळला नाही आणि पिल्लू वाढत गेलं. चार वर्षांत दहा फुटांचं झालं. खोलीभर पेटी, पेटीत हीटर, आमच्या फ्रीझरमध्ये गोठवलेले उंदीर. एकदा मटार म्हणून मी भलतीच पिशवी उघडली आणि त्या दिवशी माझा तोल गेला. "या घरात एक तर ते राहील नाही तर मी," असं मी त्याला सुनावलं. मला वाटलं होतं, तो अजगर काढून टाकेल. त्याने आठवड्याभरात मंगफला एका खोलीची जागा शोधली आणि अजगराला घेऊन निघून गेला.

तिथे तो चौदा महिने राहिला. एका सकाळी तो कंपनीच्या बसला आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही, तेव्हा कंपनीतल्या कुणीतरी मला फोन केला. मी आणि नवरा गेलो. इमारतीच्या हारिसने, म्हणजे राखणदाराने, आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. भाऊ पलंगावर कुशीवर होता. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. अडतीस वर्षांचा होता. दीड दिवस तो तसाच होता, आणि त्या दीड दिवसात खोलीत त्याच्या सोबतीला फक्त अजगर होता. पेटीच्या काचेला डोकं टेकवून तो पलंगाकडे तोंड करून होता. मी नवऱ्याला म्हणाले, त्याच्यावर आधी चादर टाक. कुणावर, असं त्याने विचारलं.

सांगलीला दहाव्याच्या दिवशी कृष्णेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या झाडावर आठ-दहा बसले होते आणि खुशाल चोची घासत होते. गेलेल्याची इच्छा कुठे अडकली असली तर कावळा येत नाही असं आमच्याकडे मानतात, म्हणून एकेकाने पुढे होऊन, हात जोडून, त्या इच्छेची हमी द्यायची. काका म्हणाले, तुझ्या आईला काही कमी पडू देणार नाही. मामा म्हणाले, घराचं गळकं छप्पर मी करून घेतो. चुलतभाऊ म्हणाला, तुझी मोटारसायकल विकणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढायला लागलं. काका माझ्याकडे वळले.

"तुझ्याजवळ राहत होता की गं त्यो," ते म्हणाले. "तुला ठावं असंल. बोल की कायतरी."

मला ठाऊक होतं. पण गुरुजी होते, सोयरे होते, गल्लीतली माणसं होती, आणि या सगळ्यांसमोर "तुझा अजगर मी सांभाळीन" असं म्हणायची मला लाज वाटली. लोक काय म्हणतील, हाच विचार माझ्या मनात होता. भाऊ गेला होता आणि मी लोकांचा विचार करत होते. मी म्हणाले, "आईची काळजी करू नकोस," जे काकांनी आधीच म्हणून टाकलं होतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि मंडळी घरी जेवायला गेली.

माझा या गोष्टींवर फार विश्वास आहे असं नाही. पण विमानात चार तास मला डोळे मिटता आले नाहीत.

दुकानाच्या मागच्या खोलीत अजगर पेटीच्या कोपऱ्यात वेटोळं घालून पडला होता. बाहेर पोपट ओरडत होते, कुत्र्याची पिल्लं केकाटत होती. "उंदीर ठेवला तर जीभ लावतो न् तोंड फिरवतो," दुकानदार म्हणाला. मग त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी भावाने मला सांगितली नव्हती. शेवटचे दोन महिने भाऊ अजगराचं खाणं बदलायच्या मागे लागला होता. दहा फुटी अजगराला उंदीर म्हणजे आपल्याला मूठभर फुटाणे. सहा-सात देऊनही भूक भागायची नाही. त्याला सशावर आणायला हवं होतं. पण जन्मभर उंदीर खाल्लेल्या अजगराला ससा हे अन्न आहे हेच कळत नाही, कारण तो वासावर चालतो आणि सशाचा वास त्याच्या लेखी जेवणाचा नसतो. भावाने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ससा पेटीत तसाच राहिला. त्यानंतर अजगर उंदरालाही तोंड लावेना.

"म्हणायचा, एकदा ह्याला ससा लागला की मी मोकळा," दुकानदार म्हणाला. "मोकळा" हा भावाचाच शब्द. आईला फोन केला की मोकळा, इस्त्री झाली की मोकळा. अजगर कुणाला तरी देऊन टाका, हे सांगायला मी गेले होते. ते मी सांगितलं नाही. पुढच्या शुक्रवारी येते, असं म्हणून निघाले. घरी आणायचा मात्र प्रश्नच नव्हता.

मग दर शुक्रवार-शनिवारी मी त्या मागच्या खोलीत. बँकेत मला कुणी विचारलं, वीकेंडला काय करतेस, तर मी म्हणायचे, नातेवाईक आजारी आहे. गोठवलेला ससा आधी फ्रीजमध्ये सावकाश मऊ होऊ द्यायचा, मग गरम पाण्याच्या बादलीत ठेवायचा, पुसून कोरडा करायचा. डोकं जरा जास्त गरम हवं, कारण अजगराला ऊब जाणवते. मग लांब चिमट्यात धरून पेटीत हळूहळू हलवायचा. पहिल्या खेपेला अजगराने नुसतं पाहिलं. दुसऱ्या खेपेला दुकानदाराने मेलेला उंदीर सशाच्या अंगावर घासला, नाकापासून पाठीपर्यंत, म्हणजे सशाला उंदराचा वास लागेल. अजगराने जीभ काढली, सशावर फिरवली आणि डोकं परत वेटोळ्यात घातलं. तिसऱ्या खेपेला पुढे उंदीर, त्याला लागून मागे ससा, की एक गिळताना दुसरा आपोआप तोंडात जावा. त्याने उंदीरसुद्धा घेतला नाही. त्याच्या पाठीचा कणा आता वरून दिसायला लागला होता.

"अजून पंधरा दिवस," दुकानदार म्हणाला. "मंग डॉक्टरकडं. पण एवढा उतरला तर डॉक्टर तरी काय करनार?"

तोपर्यंत मी काही शहाणी राहिले नव्हते. आमच्या घरातल्या छोट्या खोलीत पेटीच्या जागी फरशीवर फिकट चौकोन उरला होता, त्यावरून चालायचं मी टाळत होते. भाऊ आमच्याकडे राहायचा तेव्हा कंपनीची बस त्याला साडेचारला सोडायची. सुट्टीच्या दिवशी साडेचारला मला दाराच्या कडीचा आवाज यायचा आणि मी दार उघडून जिन्याकडे बघून यायचे. नवरा टीव्हीचा आवाज कमी करायचा. आणि दुकानात मी मागच्या खोलीत शिरले की अजगर डोकं उचलायचा आणि माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघायचा. दर वेळी. मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "ताई, ह्यो मानूस नाय ओळखत. वास ओळखतो, ऊब ओळखतो, बास." ते मलाही कळत होतं. तरी दर वेळी मी मागे वळून बघायचेच.

चौथ्या शुक्रवारी दुकानदार नमाजाला गेला आणि जाताना दुकानाचं दार ओढून गेला. मी एकटीच होते. सशाला उंदीर घासून झाला होता, मी ससा पेटीत ठेवला होता, अजगर हलत नव्हता. मी चिमटा खाली ठेवला आणि हात जोडले. घाटावर जे बोलले नाही ते तिथे बोलले, मोठ्याने, नीट. म्हणाले, तुझा अजगर मी सांभाळीन. तेव्हा लाजले, चुकलं माझं. आता याला खाऊ दे.

मी पाच मिनिटं हात जोडून उभी होते. अजगर हलला नाही. मग माझा पारा चढला. "आणखी काय हवंय तुला?" मी ओरडले, आणि बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

काय हवंय ते मला माहीत होतं. ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. भाऊ जायच्या तीन आठवडे आधी त्याचा फोन आला होता. मंगफच्या घरमालकाला अजगराचा पत्ता लागला होता आणि त्याने जागा सोडायला सांगितलं होतं. "ताई, दुसरी जागा मिळेपर्यंत दोन महिने तुझ्याकडे येऊ का?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "एकटा येणार असशील तर आत्ता ये." तो हसला आणि म्हणाला, "मग राहू दे." मग आम्ही आईच्या गुडघ्याबद्दल बोललो. मी फोन ठेवून भाजी टाकली.

दुकानदार परत आला तेव्हा मी म्हणाले, याला माझ्या घरी पोचवा. पुढच्या बुधवारी संध्याकाळी तो पेटी घेऊन आला. पेटी वर आणताना नवऱ्याने एक बाजू धरली. खाली ठेवल्यावर तो धापा टाकत एवढंच म्हणाला, "हीटरची वायर कुठली ती दाखव." या माणसाला मी कितीदा तरी नावं ठेवली आहेत, तेव्हा हेही लिहायला हवं.

पेटी त्या फिकट चौकोनावर बरोबर बसली. दहा दिवस त्याच्याकडे बघूही नका, असं दुकानदाराने बजावलं होतं. आम्ही खोलीचा पडदा ओढून ठेवला. मी फक्त पाणी बदलायला जायचे. अकराव्या दिवशी शनिवार होता आणि दुपारी धूळ सुटली. खिडकीबाहेर समोरची इमारतही दिसेना, घरभर पिवळट काळोख झाला. मी बादलीत ससा गरम केला, उंदीर घासला, चिमटा घेतला. नवरा माझ्या मागे टॉवेल घेऊन उभा राहिला. दारात थांबून मी म्हणाले, "ये. राहा इथे. दोघंही राहा." नवऱ्याने ते ऐकलं आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

अजगराने डोकं उचललं. त्याने माझ्या मागे पाहिलं नाही. जीभ दोनदा बाहेर आली, आणि मग काय झालं ते मला दिसलंच नाही, चिमट्याला नुसता हिसका बसला. ससा त्याच्या वेटोळ्यात होता. गिळायला त्याला अर्धा तास लागला. शेवटी सशाचे मागचे पाय उरले, ते गेले, आणि त्याने जांभई दिल्यासारखा जबडा उघडून जागेवर बसवला.

मी दुकानदाराला फोन केला. "खाल्लान?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. त्याला फार आनंद झाला. "आमच्या हितं गोंगाट ना ताई, कुत्री, पोपट. त्याला शांत जागा पायजे होती, दुसरा काय नाय," तो म्हणाला. तो म्हणतो तेच खरं असणार. मग म्हणाला, "ससा लागला ना, आता फिकीर नाय. अजून वीस वरसं जगंल बगा तुमच्याकडं."

मला वाटलं होतं, त्याने खाल्लं की माझ्या छातीवरचं ओझं उतरेल. मी त्या खोलीत खाली बसले, ती बसूनच राहिले. नवरा विचारत होता, अगं आता काय झालं, खाल्लं ना त्याने. वीस वर्षं तो इथे राहणार आहे, आणि आम्हाला त्याची काहीच अडचण होणार नाही. भावाने दोन महिने मागितले होते.