ॲम्प्लिफायर वाचवणारी डबी

आमच्या घरात हॅम रेडिओचं लायसन्स माझ्या नावावर होतं, नवऱ्याच्या नाही. एवढी साधी गोष्ट दिल्लीतल्या बऱ्याच पुरुषांच्या डोक्यात शिरत नसे.

मी तेव्हा एका सरकारी प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करायचे. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरच्या गच्चीवरून समोरच्या कडुनिंबापर्यंत तार ओढली होती, आणि स्वतः जुळवलेल्या छोट्या सेटवर मी संध्याकाळी देशभरच्या लोकांशी बोलायचे. नवरा ऑडिटमध्ये. खरखर सुरू झाली की तो मधलं दार लावून घ्यायचा.

गुडगावच्या नव्या कॉलनीत एक गृहस्थ राहायला आले होते. मानेसरला त्यांचा गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना. लोक क्लबची मेंबरशिप घेतात तसं त्यांनी हॅमचं लायसन्स घेतलं होतं. बाहेरून सामान आणणं नुकतंच सोपं झालं होतं, त्यामुळे ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, त्यांनाही ते आता जोरात सांगता येत होतं. यांनी मोठा ॲम्प्लिफायर मागवला. संरक्षणाचं सर्किट वेगळं विकत घ्यायचं होतं. ती दुकानदाराची चलाखी आहे असं समजून यांनी ते घेतलंच नाही, आणि पहिल्याच आठवड्यात आतले ट्रान्झिस्टर जाळले. मग नवे बसवून घेतले.

माझ्या नवऱ्याशी त्यांची ओळख होती. त्यांनी फोन केला तो त्यालाच. "भाईसाहब, वो प्रोटेक्शनवाली चीज़ आप बना देंगे?"

"बिल्कुल, बिल्कुल," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि मला म्हणाला, "अगं, जरा बघशील का?"

अँटेना नीट जुळलेली नसली की पाठवलेली सगळी ताकद बाहेर पडत नाही, काही मागे फिरते. हॅम लोक म्हणतात, एसडब्ल्यूआर वाढला. ट्रान्झिस्टरना ते सोसत नाही, पापणी लवायच्या आत जळतात. लजपतराय मार्केटमधून सामान आणून मी एक डबी बनवली. मागे येणारी ताकद हद्दीबाहेर गेली की रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, सुटायची, लाल दिवा लागायचा आणि ॲम्प्लिफायर बंद. परत चालू करायला माणसानं बटण दाबायचं. हे बटण मी मुद्दाम ठेवलं. यंत्र आपोआप सुरू झालं तर गच्चीवर जाऊन कोण बघतो?

त्यांच्या गृहप्रवेशाच्या पार्टीला आम्ही रविवारी दुपारी गेलो. दाराशी रोमन खांब, दारापर्यंत रस्ता नाही. जेवणाच्या आधी त्यांनी पाहुण्यांना रेडिओच्या खोलीत जमवलं आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ये हैं हमारे इंजीनियर साहब. सब इन्होंने बनाया है."

"बस, थोड़ा-सा," नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

यजमानांनी माईक दाबला. लाल दिवा. बटण दाबून पुन्हा माईक. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही तेच.

"एक बार छत पर एंटेना देख लीजिए," मी म्हटलं.

"भाभीजी, आप खाना शुरू कीजिए ना."

मी एकटीच गच्चीवर गेले. सजावटवाल्यांनी आयतीच सोय समजून अँटेनाच्या तारेला दिव्यांच्या माळा पार टोकापर्यंत गुंडाळल्या होत्या आणि माळांचं दुसरं टोक लोखंडी कठड्याला बांधलं होतं. सांगायला खाली आले, तर इलेक्ट्रिशियननं माझी डबी उघडलेली. यजमानांच्या हुकमावरून तो रिलेची दोन टोकं पक्कडीनं पिळून एकत्र जोडत होता.

"साहब, अब नहीं कटेगा."

मुख्य स्विच माझ्या हाताच्या अंतरावर होता. तोंडात वाक्य तयार होतं. मी काही बोलले नाही. दाराशी उभी राहून बघत राहिले, आणि खोटं कशाला सांगू, मला मजा वाटत होती.

त्यांनी माईक दाबला. टप्प असा लहानसा आवाज झाला आणि जळका वास सुटला. मागून एका आजीबाईंनी विचारलं, "हो गई बात?"

यजमान नवऱ्याकडे वळले. "आपका सर्किट तो बेकार निकला!"

"मैंने नहीं, इन्होंने बनाया है," नवरा ताबडतोब म्हणाला.

मग मी माळांचं सांगितलं. ते लालबुंद झाले. "देख लिया था, तो पहले बोलना था ना!"

त्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव शहाणं वाक्य, आणि तेच मला लागलं.

मी पर्समधला स्क्रू-ड्रायव्हर काढून सगळ्यांसमोर डबी सोडवली आणि जेवायला न थांबता निघाले. बस येईपर्यंत नवराही स्टॉपवर आला, तो जेवून. बस धौला कुआँला पोचली. मग तो म्हणाला, "उगाच ओळख तुटली."

"तुझी," मी म्हटलं.

पुढे त्या गृहस्थांनी सेट कुणाला तरी देऊन टाकला आणि गोल्फ धरला. डबीतली पिळलेली तार मी घरी येऊन कापली, तपासून पाहिलं. रिले अचूक सुटत होती.