पोटात काय होतं

माझा नवरा गेला तेव्हा आम्ही कळव्याला खाडीच्या बाजूला राहत होतो. छातीच्या आजाराने तो वर्षभर अंथरुणात होता. शेवटचे दोन दिवस मी त्याच्या उशाशीच बसून होते. चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

पुरुष त्याला घेऊन गेले आणि बायका माझ्याभोवती बसल्या. मी रडत नव्हते. बाई नवऱ्यावर रडली नाही तर दुःख आत साठून तिला वेड लागतं, असं आमच्यात मानतात. म्हणून तिला मुद्दाम रडवतात. थोरल्या जावेने त्याचा कामावरचा शर्ट आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"रड गो बाय. पोटान ठेवू नको."

आमच्यात मनातलं सगळं पोटात असतं. राग पोटात, दुःख पोटात. माझ्या पोटात तेव्हा नुसती भूक होती. शेजारी कुणीतरी डाळीला फोडणी दिली. माझी नजर दाराकडे गेली.

"बघ, दाराकडं बघते," एक जण म्हणाली. "अजून त्याची वाट बघते." त्यावर सगळ्या रडायला लागल्या.

सासू कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "तिला भूक लागलेय. जेवाला घाला तिला."

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग जाऊ म्हणाली, "पोटचा पोरगा गेला, नि म्हातारीला जेवणाची पडलेय."

"पहिल्यापासून दगडच ती," मागून कुणीतरी बोललं.

म्हातारी बरोबर सांगते, एवढंच मला म्हणायचं होतं. मी मान खाली घातली. सासूने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हा मला रडू आलं, ते लाजेने. हुंदके आवरेनात.

"झाली गो, मोकळी झाली," म्हणत जाऊ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. पुरुष परत आल्यावर शेजारणीने कडू घासाचा पिठलं-भात आणला. हिच्या घशाखाली काही उतरायचं नाही, असं बायकांचं चाललं होतं. सासूने ताट माझ्यापुढे सरकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्यासाठी खा गो. मना सोबत दे."

मी दोनदा भात घेतला. तिने एक घास घेतला नाही.